तेलाची वाट, वाफेची वाट



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कामगार चळवळीवर काही सांगावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी उलट टपाली कळविले की, मी विमानाच्या रोटरी इंजिनाला जोडलेल्या गिअर बॉक्सच्या वंगणावर बोलणार आहे. त्यावर चालकांपैकी एक गृहस्थ मला भेटले आणि म्हणाले, "अहो, हे ऐकायला कोण येणार?" मी म्हटले, "ज्याच्या घरी कुकर आहे आणि ज्याच्या आजोबांकडे बैलगाडी होती, त्याला हा विषय निम्मा ठाऊकच आहे." आज सभागृह भरलेले पाहून माझा अंदाज अगदीच चुकला नाही असे वाटते. तरीही मध्येच कोणाला हे एरंडाचे गुऱ्हाळ वाटले, तर थोडा धीर धरावा. एरंडाचा आणि विमानाचा संबंध खराच आहे, तो पुढे येणार आहे.

मी इंजिनिअर नाही. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलेल्या यंत्रांच्या पुस्तकांत. ह्या विषयाकडे मी कसा वळलो ते शेवटी सांगेन.

प्रथम रोटरी इंजिन म्हणजे काय ते पाहू. हे नाव दोन निरनिराळ्या यंत्रांना आहे. पहिले जुने. फ्रान्समधील सेगँ बंधूंनी १९०८-०९ च्या सुमारास 'नोम' नावाचे इंजिन तयार केले. त्यात मधला शाफ्ट विमानाला घट्ट बांधलेला, आणि त्याच्या भोवती चाकाच्या आऱ्यांसारखी बसविलेली सगळी नळकांडी पंख्यासकट गरगर फिरत. फिरताना वारा लागून ती आपोआप थंड होत. पहिल्या महायुद्धातील कितीतरी विमाने अशा इंजिनांवर उडाली.

दुसरे रोटरी त्याच्याहून अगदी वेगळे. जर्मनीचे फेलिक्स व्हँकेल यांच्या कल्पनेवरून एन.एस.यू. कंपनीत ते १९५७ साली प्रथम चालले. त्यात वरखाली धावणारा दट्ट्याच नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर कमरेशी किंचित दबलेल्या, लांबट गोल पोकळीत डोलत फिरतो आणि मधला शाफ्ट फिरवितो. जपानच्या माझदा कंपनीने १९६७ पासून अशी इंजिने मोटारींत बसविली. त्यांतले दोन रोटरांचे, १३०८ घनसेंटिमीटरचे इंजिन आकाराने लहान, वजनाने हलके आणि चालायला गुळगुळीत. त्यामुळे स्वतःच्या हाताने विमान बांधणाऱ्या अमेरिकेतील आणि इतर देशांतील हौशी लोकांच्या मनात ते भरले. मोटारीतून इंजिन काढायचे आणि विमानाच्या नाकात बसवायचे.

परंतु येथे अडचण येते. हे इंजिन आपली खरी ताकद मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या आसपास देते. विमानाच्या पंख्याला एवढा वेग चालत नाही. हिशेब सोपा आहे. पंख्याचा व्यास १.८ मीटर धरला, तर पात्याचे टोक एका फेरीत सुमारे ५.६५ मीटर जाते. मिनिटाला ६००० म्हणजे सेकंदाला १०० फेऱ्या, म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला ५६५ मीटर झाला. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. पात्याचे टोक त्याच्या पुढे गेले की ताकद हवा ओढण्याऐवजी आवाज आणि धक्के निर्माण करण्यातच जाते. तोच पंखा २४०० फेऱ्यांनी फिरविला, तर टोकाचा वेग सेकंदाला २२६ मीटर होतो, आणि काम उत्तम चालते.

कोणी चौकस श्रोता विचारील की, शाफ्टच्या तीन फेऱ्यांत रोटर एकच फेरी घेतो, मग पंखा रोटरलाच का जोडू नये? प्रश्न रास्त आहे. पण रोटर नुसता फिरत नाही, तो डोलत फिरतो. डोलणाऱ्याच्या डोक्यावर घागर देता येत नाही. म्हणून इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये वेग उतरविणारी गिअर बॉक्स हवीच.

ही गिअर बॉक्स बहुधा ग्रहमालेच्या धर्तीची असते. मधोमध एक दात्यांचे चाक, त्याला सूर्य म्हणतात. तो इंजिनाला जोडलेला. बाहेर आतल्या बाजूला दाते असलेले एक मोठे कडे, ते स्थिर. दोहोंच्या मध्ये तीन किंवा अधिक लहान चाके, ते ग्रह. हे ग्रह सूर्याभोवती फिरतात, आणि त्यांना धरून ठेवणारी चौकट पंख्याला जोडलेली असते. कड्याचे दाते सूर्याच्या दीडपट असतील, तर सूर्याच्या अडीच फेऱ्यांना पंख्याची एक फेरी होते. सहा हजारांचे चोवीसशे झाले.

आता वंगण. बैलगाडीच्या दिवसांत गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे. कण्याची करकर सुरू झाली की गाडीवान उतरून वंगण घालीत असे. तेथे वंगणाचे काम एकच, घासणे कमी करणे. गिअर बॉक्समध्ये तेलाला तीन कामे असतात. दातावर दात थेट टेकू नये म्हणून मध्ये पातळ पापुद्रा धरणे हे पहिले. झिजलेल्या धातूची बारीक पूड वाहून नेणे हे दुसरे. तिसरे, आणि बहुतेकांच्या ध्यानात न येणारे, म्हणजे उष्णता वाहून नेणे. इंजिनाची ताकद २०० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १५० किलोवॉट धरा. दात्यांच्या घर्षणात त्यांतले शेकडा दोन गेले, तर ते झाले ३ किलोवॉट. पाणी तापविण्याच्या एक एक किलोवॉटच्या तीन कांड्या त्या लहानशा पेटीत सतत पेटत्या ठेवल्या आहेत असे समजा. तेल येत-जात राहिले नाही तर काय होईल ते सांगावयास नको.

हे तेल इंजिनाच्या पंपातून दाबाने येते आणि एका बारीक छिद्रातून आत सोडतात. छिद्र बारीक का? तर जास्त तेल हेही संकटच. पेटी तेलाने भरली की चाके ते घुसळू लागतात. घुसळण्यात ताकद जाते, तेल तापते आणि ताकासारखा फेस होतो. फेस म्हणजे बरीचशी हवा, आणि हवेचा पापुद्रा दाताला वाचवीत नाही. तेल कोठे सोडावे हेही महत्त्वाचे. सर्व काही गरगर फिरत असल्यामुळे तेल बाहेरच्या कड्याकडे फेकले जाते. ग्रहांच्या खिळी मात्र आत असतात आणि सर्वांत जास्त भार त्यांच्यावर असतो. त्यांना तेल पोचवायचे तर ते शाफ्टच्या पोकळीतून, मध्यापासून बाहेर असेच द्यावे लागते. बाहेरून शिंपडलेले तेल दातांना भिजविते. खिळी उपाशी राहतात.

तेल आत जाते ते पंपाच्या जोरावर. परत येते ते कशाच्या जोरावर? बहुतेक रचनांत केवळ स्वतःच्या वजनावर. इंजिनाच्या तळाशी असलेल्या टाकीपेक्षा पेटी फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटर उंच असेल, तर तेवढ्या तेलाच्या स्तंभाचा दाब वातावरणाच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतकाच होतो. एवढ्याशा बळावर तेलाला खाली यायचे आहे. म्हणून परतीची नळी आत येणाऱ्या नळीपेक्षा कितीतरी जाड हवी, आणि तिचा उतार सलग हवा. मध्ये कोठे खोलगट वाकण राहिले की तेथे तेल साचून हवेची वाट अडते. शिवाय विमान काही बैलगाडीसारखे सपाटीने चालत नाही. उतरताना त्याचे नाक खाली होते, आणि पंखा पुढे असेल तर पेटीही खाली जाते. अशा वेळी तेल कोठे साचेल ह्याचा विचार जमिनीवरच करून ठेवावा लागतो.

आता वाफेकडे येतो. बंद पेटीतली हवा २० अंशांवरून १०० अंशांवर तापली, तर केवळ तापण्यानेच तिचा दाब पाव वातावरणाहून अधिक वाढतो. त्यात व्हँकेल इंजिनाच्या रोटराच्या बाजूच्या पट्ट्यांतून जळलेला वायू थोडा थोडा आत झिरपतो आणि तळाच्या टाकीतही दाब धरतो. मघाचा आकडा आठवा. परतणाऱ्या तेलापाशी बळ आहे चाळिसाव्या भागाचे. समोरून टाकीतला वायू त्याहून जास्त दाबाने उभा ठाकला, तर तेल खाली येईल कसे? ते पेटीतच तुंबते. पंप मात्र वरून ओततच असतो. पेटी भरते, घुसळण सुरू होते, उष्णता वाढते, दाब आणखी वाढतो, आणि अखेर सर्वांत दुबळी जागा शोधून तेल बाहेर पडते. ती जागा म्हणजे पंख्याच्या शाफ्टभोवतीचे रबरी ऑइल सील. समोरच्या काचेवर तेलाचे शिंतोडे उडू लागतात. चालक म्हणतो, सील खराब निघाले. सील बिचारे शेवटपर्यंत लढले. दोष वाट न ठेवणाऱ्याचा.

उपाय साधा आहे. पेटी आणि टाकी ह्यांच्या वरच्या रिकाम्या जागा एका नळीने जोडावयाच्या, म्हणजे दोन्हीकडचा दाब सारखा राहतो आणि तेल आपल्या वजनाने खुशाल खाली येते. आणि दोहोंना मिळून बाहेरच्या हवेत उघडणारी एक श्वासनळी द्यावयाची. कारखान्यात तिला आपण ब्रीदर म्हणतो. ती शांत जागेतून, वरून काढावी, कारण कडेजवळ काढली तर फेकलेले तेलच तिच्यातून बाहेर जाईल. तरीही वाफेबरोबर तेलाचे थेंब येतात, म्हणून मध्ये एक डबा बसवितात. त्यात थेंब भिंतीला चिकटून खाली येतात आणि वायू पुढे जातो. नळीचे तोंड उडत्या वाऱ्याच्या थेट समोर ठेवले तर वाराच आत दाब भरतो. भलत्याच ओढीच्या जागी ठेवले तर आतले तेल शोषले जाते.

एवढे करूनही एक शत्रू उरतोच, तो म्हणजे थंडी. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातला काही भाग श्वासनळीतून बाहेर जातो. उंचावर गोठविणारी थंडी असते. नळीच्या तोंडाशी ती वाफ गोठते, बर्फाचे बूच बसते आणि आतला दाब वाढत जातो. साध्या दट्ट्याच्या विमान-इंजिनांतही अशा बुचामुळे पुढचे सील उडून सगळे तेल वाहून गेल्याचे प्रकार घडले आहेत. त्यावर विमानाच्या कारागिरांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. इंजिनाच्या आवरणाच्या आत, जेथे ऊब असते, तेथे ते नळीला बाजूने एक फट पाडतात. बाहेरचे तोंड गोठले तरी वायू त्या फटीतून निघून जातो. तिला ते शिट्टीची फट म्हणतात. कुकरला शिट्टीबरोबर सुरक्षेची दुसरी झडपही असते, तोच हा विचार. एक वाट अडेल हे गृहीत धरून दुसरी आधीच ठेवावयाची.

आता एरंड. जुन्या नोम पद्धतीच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल ह्यांचे मिश्रण शाफ्टच्या पोकळीतूनच आत जाई. साधे खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून धुऊन निघे. एरंडेल मात्र पेट्रोलमध्ये सहजासहजी मिसळत नाही. म्हणून एरंडेल घालीत, आणि एकदा वापरलेले तेल सरळ बाहेर फेकले जाई. वैमानिकाचा चष्मा तेलकट होई, आणि श्वासाबरोबर पोटात गेलेल्या एरंडेलाचा जो परिणाम व्हायचा तो आपल्या आज्जींना चांगला ठाऊक होता. युद्धात एरंडेलाला एवढे महत्त्व आले की अमेरिकेने १९१८ साली हिंदुस्थानातून एरंडाचे बी नेऊन आपल्या दक्षिणेकडील राज्यांत पेरले.

त्याच काळात जर्मनीत सीमेन्स-हाल्स्के कंपनीने एक चमत्कारिक रोटरी इंजिन केले. त्यात नळकांडी एका दिशेने मिनिटाला ९०० फेऱ्या घेत आणि आतला शाफ्ट दात्यांच्या चाकांच्या योगाने उलट दिशेने ९०० घेई. इंजिनाला १८०० फेऱ्यांची ताकद मिळे, आणि पंखा मात्र ९०० नेच, सावकाश फिरे. कल्पना अप्रतिम होती. परंतु १९१८ च्या वसंतात ही इंजिने बसविलेली विमाने आघाडीवर गेली, आणि सात ते दहा तासांच्या उड्डाणातच इंजिने जाम होऊ लागली. समुद्रावरील नाकेबंदीमुळे जर्मनीला एरंडेल मिळत नव्हते. 'व्होल्टोल' नावाचे पर्यायी तेल वापरावे लागले, आणि बराचसा दोष त्याच्याकडे जातो. आवरणात उष्णता कोंडत होती हेही ध्यानात आले. विमाने परत बोलावली, आवरणाचा खालचा भाग कापून हवेला वाट दिली, इंजिन सुधारले, आणि मग तेच विमान उत्तम ठरले. यंत्राची बुद्धी कितीही अचाट असो, तेल आणि हवा ह्यांच्याशी तिला प्रामाणिक राहावेच लागते.

आतापर्यंत हौशी लोकांच्या आणि लढवय्यांच्या गोष्टी झाल्या. एक गोष्ट कामगारांची सांगतो. हेलिकॉप्टरमध्येही वेगवान टर्बाइन आणि वरची मोठी संथ पाती ह्यांच्यामध्ये वेग उतरविणारी प्रचंड गिअर बॉक्स असते. १२ मार्च २००९ रोजी कॅनडाच्या सेंट जॉन्स शहरातून सिकॉर्स्की एस-९२ जातीचे एक हेलिकॉप्टर समुद्रातील तेलविहिरींवर कामगारांना घेऊन निघाले. आत १८ माणसे होती. वाटेत मुख्य गिअर बॉक्समधले तेल वाहून गेले. तेलाच्या गाळणीचे भांडे ज्या टायटॅनियमच्या खिळींवर बसविले होते, त्या तुटल्या होत्या. हेलिकॉप्टर किनाऱ्याकडे वळले, परंतु सुमारे ११ मिनिटांत दात्यांचे चाक निकामी झाले आणि ते समुद्रात कोसळले. १७ माणसे मेली. एकच वाचला.

पुढे कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. तिच्यात जे बाहेर आले ते आपण नीट ऐकावे. तेल गेल्यावरही अशी गिअर बॉक्स ३० मिनिटे चालली पाहिजे असा नियम होता. त्याला एक पळवाट होती: तेल जाण्याचा संभव अत्यंत दुर्मिळ आहे असे दाखविले, तर ३० मिनिटांची सक्ती नाही. कारखान्याच्या स्वतःच्या चाचणीत ही पेटी तेलाशिवाय सुमारे ११ मिनिटेच टिकली होती. जुलै २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात ह्याच खिळी तुटून दुसरे हेलिकॉप्टर कसेबसे उतरले होते. जानेवारी २००९ मध्ये खिळी बदलून पोलादाच्या घाला असे कळविण्यात आले, पण त्यासाठी मुदत दिली होती १२५० तासांची किंवा एक वर्षाची. मुदत संपण्याच्या आत सतरा घरे उजाड झाली. ज्या कामगारांना त्या पेटीच्या भरवशावर समुद्र ओलांडायचा होता, त्यांपैकी कोणी ह्या अकरा मिनिटांविषयी ऐकले असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

आता मी ह्या विषयाकडे कसा वळलो ते सांगतो. मी युनियनच्या कामात नवा होतो. एका कारखान्यात पाहुणे यायचे म्हणून सगळ्या यंत्रांना रंग दिला गेला. पुढच्या आठवड्यात एका मिक्सरच्या गिअर बॉक्सचे सील गेले. बदलले. पुन्हा गेले. जमिनीवर सांडलेल्या तेलावरून एक हेल्पर घसरला आणि त्याचे मनगट मोडले. वर त्यालाच नोटीस मिळाली: निष्काळजीपणाने तेल सांडू दिले. मला गिअर बॉक्समधले काही कळत नव्हते. मी एका वयस्क फिटरकडे गेलो. ते म्हणाले, "बाळा, सील दोनदा जातं म्हणजे सीलचा गुन्हा नाही. ती श्वास कुठून घेते ते बघ." आम्ही वर चढून पाहिले. ब्रीदरची टोपी रंगाने बुजून गेली होती. खिळ्याने रंग खरवडला तेव्हा आत कोंडलेली हवा फुस्सकन बाहेर आली. तो आवाज मी आजही विसरलेलो नाही. चौकशीत ती टोपी आम्ही टेबलावर ठेवली, आणि नोटीस मागे घेतली गेली. त्या रात्रीपासून मी यंत्रांची पुस्तके वाचू लागलो.

तेव्हापासून कोणत्याही यंत्रापुढे उभा राहिलो की मी तीन प्रश्न विचारतो. तेल आत कोठून जाते? परत कोठून येते? आणि कोंडलेला वायू बाहेर कोठून पडतो? पहिला प्रश्न सगळेच विचारतात, कारण तेथे पंप असतो, दाबाचा काटा असतो. दुसरा थोडे विचारतात. तिसरा, काच तेलाने माखल्यावर. कॅनडाच्या त्या अपघातानंतर मी चौथा प्रश्न जोडला आहे: ही यंत्रणा किती मिनिटे तग धरील, हे तिच्यावर बसणाऱ्याला कोणी सांगितले आहे का?

माणसांच्या संस्थांनाही ब्रीदर लागतो, असे मी येथे म्हणेन अशी आपली अपेक्षा असेल. म्हणतो, पण एका वाक्यापुरतेच. कारण ज्याने तक्रारीची पेटी रंगवून बंद केलेली पाहिली आहे, त्याला अधिक सांगण्याची गरज नाही, आणि ज्याने पाहिली नाही, त्याने उद्या आपल्या कचेरीत किंवा कारखान्यात जाऊन पाहावी.

घरी गेल्यावर कुकरची शिट्टी काढून उजेडाकडे धरा आणि तिचे भोक मोकळे आहे ना, ते पाहा. माझ्या व्याख्यानाचे तेवढे सार्थक मला पुरे आहे.